थंड हवेचा पाईप

अप्पा, आज पुन्हा एकजण तो पाईप घेऊन आला. या महिन्यातला हा चौथा. नांदेडात लातूर फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. ते तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी मी ते टाकलं. आलेला माणूस मुदखेडकडचा, स्वतःचा दहा टायरी ट्रक स्वतःच चालवणारा. त्यानं खोका टेबलावर ठेवला, चिकटपट्टी नखानं सोडवली आणि साडीच्या दुकानात घडी मोडावी तितक्या हळुवारपणे आतलं सामान बाहेर काढलं. चकचकीत ॲल्युमिनियमचा वाकडा नळ, दोन क्लिपा आणि कोनाच्या आकाराचा लाल फिल्टर. "ताई, एवढं बसवून द्या. थंड हवा जाती म्हणे इंजिनात. पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं. लई जण बसवून राहिले." मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला एकदम थकल्यासारखं झालं. काम नको झालं असं नाही, बोलणं नको झालं. तीच वाक्यं, तोच हिरमुसलेला चेहरा, आणि शेवटी 'बघतो मग दुसरीकडं' म्हणून खोका उचलून नेणं. ती वाक्यं माझी नाहीत, तुमची आहेत, हेही त्या थकव्यात आहेच. त्याला मी चहा सांगितला, बसा म्हटलं. तेवढ्यात तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय हे इतक्या जोरात आठवलं की माझा चहा समोरच निवून गेला.

लातूरचं आपलं गॅरेज मला अजून रोज दिसतं. पुढं पत्र्याचं शेड, मागं दोन खोल्या, आणि मधल्या दारातून येणारा डिझेलचा वास. दुपारी तुम्ही त्या दारातून स्वयंपाकघरात यायचात. आधी डिझेलनं, मग लाकडाच्या भुशानं, मग साबणानं हात धुवायचात, तरी आई म्हणायचीच, "भाकरीला वास लागतोय." तुम्ही हसायचात, पाटावर बसायचात आणि भाकरी मोडता मोडता माझी परीक्षा घ्यायचात. "काळा धूर कशानं येतो सांग. पांढरा कशानं? निळा आला तर कुणाला रडायचं?" मी तेव्हा तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला होते, वर्गात आम्ही दोघीच मुली. तुम्ही सातवी शिकलेले. माझी पुस्तकं उघडून तुम्ही आकृत्या बघायचात, खालचं इंग्रजी सोडून द्यायचात, आणि आकृतीत कुठं चूक वाटली तर बोट ठेवून म्हणायचात, "असं नसतंय हे. ह्यानं इंजिन उघडलेलं दिसत न्हाई." मला राग यायचा. पुस्तकाचा लेखक परदेशातला, आणि तुम्ही रेणापूरच्या रस्त्यावर नट-बोल्टांवर पाने फिरवून शिकलेले.

डिप्लोमा झाल्यावर तुम्ही मला गॅरेजात घेतलंत. नातेवाईक म्हणाले, पोरगी ट्रकखाली झोपणार का आता. तुम्ही म्हणालात, "ट्रकला कळत न्हाई, खाली पोरगा हाय का पोरगी." त्या दिवशी तुम्ही मला पान्यांचा नवा संच दिला, प्रत्येक पान्यावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर स्वतः कोरून. ते अक्षर जरा वाकडं आलं होतं. ट्रकखाली वाकण्याआधी तुम्ही गळ्यातलं इष्टलिंग बनियनच्या आत सरकवून घ्यायचात. मीही तुमचं बघून तसंच करायला लागले. पहिली दोन वर्षं गिऱ्हाईक माझ्या हातात चावी द्यायला मागं-पुढं बघायचं. तुम्ही दुसऱ्या गाडीखालून ओरडायचात, "द्या तिच्याकडं, ती बघती म्हणजे मीच बघतो." हे वाक्य लक्षात ठेवा अप्पा. म्हणजे, तुम्हाला लक्षात ठेवा म्हणून काय उपयोग? पण पुढं जे मी केलं, त्यात या वाक्याचा वाटा आहे.

त्याच सुमाराला धाकट्या भावानं ट्रक घेतला. जुनाच, दुसऱ्याच्या हातचा, पण त्याचा स्वतःचा. इतकी वर्षं लोकांच्या गाड्या चालवून त्याला जी हौस साठली होती ती सगळी त्यानं त्या गाडीवर काढली. रेणापूरकडच्या क्रशरवरून खडी न्यायची आणि हंगामात निलंग्याकडं ऊस, असं काम लागलं. एकदा हैदराबादच्या फेरीला त्यानं धाब्यावर बाहेरच्या राज्यातला ट्रक पाहिला. त्याला तो चकचकीत पाईप बसवलेला होता. येताना हा तिथल्या पार्टच्या दुकानातून तसाच घेऊन आला. संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यानं तो तुमच्यापुढं ठेवला.

तुम्ही हातात घेतलात, फिल्टर उजेडापुढं धरलात. "ह्याच्यातनं पलीकडचं दिसतंय," म्हणालात.

"म्हणून तर हवा मोकळी जाती, अप्पा."

"हवा मोकळी जाती, मग धूळ काय तिकीट काढून थांबती का?"

मी मधे पडले. मला माझा डिप्लोमा दाखवायचा होता. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त, जास्त प्राणवायू म्हणजे जास्त ताकद, असं मी तुम्हाला समजावलं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "बाई, हवा टर्बोतनं जाती तवा तापती. म्हणून पुढं तिला गार करायची जाळी कंपनीनंच दिलीय. तू तोंडाशी जरा गार घातलीस तर शेवटाला काय फरक पडणार? आणि डिझेल पंप देईल तेवढंच जळणार. ताटात भाकरी एकच, आणि तू वाढून राहिलीस नुसतं पाणी." धाकट्याकडं वळून म्हणालात, "केबिनच्या मागं ते नळकांडं उंच का नेलंय? वर धूळ कमी, हवा गार. कंपनीचा माणूस येडा न्हाई. ठेव ते खोक्यात." विषय संपला. मला तुमचं उत्तर पटलं नव्हतं असंही नाही. त्या क्षणी मी हरले होते, आणि ते मला आवडलं नव्हतं.

मग तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. आई आणि तुम्ही नांदेडला मावशीकडं आठवडाभर राहिलात, गॅरेज माझ्याकडं. तिसऱ्या दिवशी धाकटा गाडी घेऊन आला, नुसता धुवायला. आता सांगते ते नीट ऐका. त्यानं पाईपचं नावही काढलं नाही. खोका सीटमागं होता, तो मी काढला. मी म्हणाले, "बसवून बघू."

तो म्हणाला, "अक्का, अप्पाला कळलं तर?"

"फरक दिसला की अप्पाच खूश होतील. माझ्यावर सोड."

कंपनीचा फिल्टरचा डबा मी उतरवला, उंच गेलेलं नळकांडं बाजूला केलं, पाईप मी बसवला, क्लिपा मी आवळल्या. धाकटा नुसता पाने देत होता.

आम्ही दोघं रेणापूरपर्यंत जाऊन आलो. गाडी खरंच पळाली. आवाज असा की चढावर कुणीतरी दीर्घ श्वास घेतंय. धाकटा स्टेअरिंगवर हात मारून हसत होता, मीही हसत होते. पुढं कितीतरी महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की गाडी का पळाली. जुना फिल्टर धुळीनं गच्च भरला होता. त्याच्या जागी कंपनीचाच नवा कोरा फिल्टर घातला असता तरी ती तितकीच पळाली असती. आजही जे लोक मला सांगतात की 'ताई, बसवल्या बसवल्या फरक पडला', त्यातल्या बहुतेकांचं हेच असतं. त्यांना फरक दिसतो तो खरा असतो, फक्त त्याचं कारण चुकीचं धरलेलं असतं. पण त्या दिवशी मी तुमच्यावर मात केली होती. मला कारण शोधायची गरज नव्हती.

तुम्ही परत आलात तेव्हा तुमच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती, महिनाभर वाकायचं नाही असं डॉक्टरनं सांगितलेलं. धाकटा गाडी घरी आणायचंच टाळायचा. कामही जोरात होतं. क्रशरवर दिवसभर खडी भरायची, पांढरी भुकटी इतकी की ड्रायव्हरच्या भुवया पिकलेल्या दिसायच्या. ती भुकटी गाडीही पीत होती. पुढं तो सांगायला लागला, ऑइल कमी होतंय. मग म्हणाला, इंजिनाच्या ब्रीदरच्या नळीतून धूर येतोय. मला कळायला हवं होतं. कळलंही होतं बहुतेक. मी म्हणाले, "हंगाम संपला की बघू." ऊस सुरू झाला, आणि निलंग्याच्या रस्त्यावर भरल्या गाडीनं चढावर दम सोडला. दुसऱ्या ट्रकनं ओढून ती आपल्या दारात आणली.

तुम्ही पाईप पाहिलात. क्लिप सैल केलीत, फिल्टर काढलात आणि पाईपच्या आतून बोट फिरवलंत. बोटावर राखाडी चिखल आला, फिल्टरच्या तेलात कालवलेली खडीची भुकटी. मग इंजिनाचं हेड उतरवलं. मला जवळ बोलावून तुम्ही माझं बोट धरलंत आणि पिस्टन घासत जातो त्या लायनरच्या आतल्या बाजूवरून नख फिरवायला लावलंत. वरच्या कडेला नख अडकलं. गुळगुळीत असायला हवी त्या जागी पायरी पडली होती. पिस्टनच्या रिंगा झिजून कागदासारख्या झालेल्या. सहाही लायनर तसेच.

शेडमध्ये दोन गिऱ्हाईकं होती, समोरचा पंक्चरवाला होता. तुम्ही धाकट्याला विचारलंत, "कुणी बसवलं हे?"

मी त्याच्याकडं बघितलंही नाही. तो म्हणाला, "मी."

"तुला न्हाई म्हटलं होतं ना?"

"हाव."

मग तुम्ही जे बोललात ते मी इथं लिहीत नाही, तुम्हालाही ते पुन्हा ऐकावंसं वाटणार नाही. शेवटचं वाक्य तेवढं लिहिते. "गाडी राखायची अक्कल न्हाई त्यानं गाडीचा मालक होऊ नये. हिच्याकडनं शिक काहीतरी." आणि तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. अप्पा, मी तिथं हातात फडकं घेऊन उभी होते आणि बोलले नाही. धाकटा 'मी' असं का म्हणाला हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्याची गाडी गेली होती ती गेलीच होती. पण माझं नाव निघालं असतं तर तिथं उभ्या असलेल्या त्या तिघांनी संध्याकाळपर्यंत सगळ्या लातुरात सांगितलं असतं, मिस्त्रीच्या पोरीनं सख्ख्या भावाचं इंजिन खाल्लं. ती बघती म्हणजे मीच बघतो, हे वाक्य तुम्हाला पुन्हा म्हणता आलं नसतं. त्यानं ते वाचवलं, मी वाचवू दिलं. एक दिवस गेला, मग आठवडा, मग सांगणं आणखी अवघड होत गेलं.

इंजिन आपणच बांधलं, तुम्ही आणि मी. त्यानं ट्रक विकला. पुण्याला कंपनीची बस चालवायला गेला, अजून तिथंच आहे. दिवाळीला यायचा, तुमच्या पाया पडायचा, तुम्ही "बरं हायेस ना?" विचारायचात, तो "हाव" म्हणायचा. बापलेकाचं बोलणं तेवढ्यावर आलं. तुमच्या मातीला तो सकाळच्या गाडीनं आला, खांदा दिला, आणि तिसऱ्या दिवशी परत गेला.

एक गोष्ट माझ्या मनात अधूनमधून येते. क्लिप आवळताना मी स्क्रूचं डोकं खाली ठेवते, धूळ बसू नये म्हणून. ही सवय तुम्हीच लावलेली, आणि धाकट्याला ती कधीच नव्हती. तुम्ही ती क्लिप सैल केलीत तेव्हा खालून हात घालावा लागला असणार. तुम्हाला माझा हात ओळखू आला नसेल का? आला नसेल तर बरं. आला असेल, आणि तरी तुम्ही त्याला तसं बोलला असाल, तर त्या दुपारी मी एकटीच चुकले नव्हते. हा विचार मला सुटका देत नाही, उलट जास्त जड वाटतो. म्हणून मी तो लांबवर नेत नाही.

तर आजचा माणूस. चहा झाल्यावर मी त्याला म्हणाले, चला, दाखवते. त्याची गाडी मुदखेडच्या रस्त्यावर भर दुपारी फिरवून आणली. थांबल्यावर कंपनीच्या नळकांड्याच्या तोंडाशी त्याचा हात धरला, आणि मग खाली इंजिनाशेजारी, जिथं त्याच्या पाईपचं तोंड येणार होतं तिथं. त्यानं हात झटकन मागं घेतला. "हितं तर भट्टी हाय!" म्हणाला. "मग ह्याला थंड हवेचा पाईप का म्हणून राहिले?" मी म्हणाले, विकायला नाव लागतं. त्याच्या गाडीचा फिल्टर काढला, अर्धा किलो तरी धूळ पडली असेल. टायरवर आपटून आपटून त्याची कडा वाकलेली. नवा घातला, डब्याच्या खालचा धूळ बाहेर सोडणारा रबरी वॉल्व्ह दाबून साफ करायला शिकवलं. ट्रायल घेऊन आला तर चेहरा उजळलेला. "पळाली की हो ताई!" आणि मग खोका बंद करता करता त्यानं सहज विचारलं, "तुम्ही कधी बसवून बघितलं होतं का असलं?"

आजवर जितक्या जणांनी हे विचारलं, त्यांना मी 'एका गिऱ्हाइकाच्या गाडीला पाहिलं होतं' असं सांगत आले. आज ते तोंडातून निघालंच नाही. मी म्हणाले, "हो. माझ्या भावाच्या गाडीला. इंजिन गेलं त्याचं." खोक्याची चिकटपट्टी दाबत त्यानं विचारलं, "भाऊ काय म्हणाला?" मी म्हणाले, "काही नाही."

तो गेल्यावर मी धाकट्याला फोन लावला. त्याची बस कंपनीच्या गेटाबाहेर उभी होती, शिफ्ट सुटायला अवकाश होता. मी म्हणाले, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. मागून कुणाच्या तरी हॉर्नचा आवाज येत होता.

"अक्का, मला कशाला सांगतीस?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "मी तर तिथंच होतो. ज्याला सांगायचं होतं त्याला सांगायचं होतंस."

"तू का सांगितलं नाहीस कधी?"

"मी सांगितलं असतं तर ते तुला बोलले असते, आणि मग माझी माफी मागितली असती. अप्पाला माफी मागताना बघायचं नव्हतं मला." मग म्हणाला, "पण तू सांगितलं असतंस तर बरं झालं असतं. दिवाळीला आलो की मी वाट बघायचो." गेट उघडलं असावं, त्यानं फोन ठेवला.

मला वाटत होतं की तो म्हणेल, सोड गं, झालं ते झालं. तो तसं म्हणाला नाही, आणि ते त्याचं बरोबर आहे. तो दरवर्षी वाट बघत होता हे मला माहीत नव्हतं. मी त्याला पुरणपोळी वाढत होते आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता.

म्हणून हे लिहायला बसले. पाईप मी बसवला, अप्पा. धाकट्यानं नाही. तुम्ही त्याला बोललात ते माझं होतं. एवढंच सांगायचं होतं, आणि त्याला इतकी पानं लागली. पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. घडी करून हे त्यालाच द्यावं असं मघाशी वाटलं होतं, पण त्यानं वाचावं म्हणून लिहिलं तर मी पुन्हा स्वतःला जरा बरी दाखवेन. ते नको. आता शटर ओढायची वेळ झाली आहे, अंगात त्राण नाही, आणि एक गोष्ट कबूल करून थांबते. तुम्ही आज जिवंत असता, मागच्या दारातून हात पुसत आत आला असता, तर मी हा कागद उलटा केला असता आणि तुम्हाला विचारलं असतं, जेवायला वाढू का.